हळदीची परात अन् डॉक्टरीनबाईचे हात

अरे बापा, काय ती गर्दी! वाघझरीत मारुतीच्या देवळासमोर मांडव पडला होता, अन् सावली तालुक्याकडून ट्रॅक्टर भरभरून लोकं येऊन राह्यले होते. मधात पितळेची भली मोठी परात, परातीत हळदीचं पानी. परातीमांग बसला पीतांबर बाबा. लुंगी पिवळी, शेला पिवळा, चष्म्याची काच बी पिवळी! एकेक जन पुढं जाये, बाबाचा चेला मुखरू तांब्यानं त्याचे हात धुवून दे, मंग तो हात परातीत बुडवे. पानी पिवळंच राहे.

"शुद्ध!" बाबा गरजे. "मोबाईलचं नेटवर्क जाते बेटा, जलाचं नेटवर्क नाई जात. जल सब जानता है!"

मांडवात सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा बंद, नुसती तंबाखू बी बंद. लोकं म्हणत, पाहा, किती पवित्र मानूस!

मंग बाबानं बोट केलं ते डॉक्टर तबस्सुमकडं. चंद्रपूरची पोरगी, गावच्या सरकारी दवाखान्यात वर्षभरापासून होती. बाबा आल्यापासून पोटुशा बाया तपासनीले येत नव्हत्या, मनून त्याईले बोलवायले ती मांडवाजवळ आली होती.

"या ना डॉक्टरीनबाई. भेव वाटते काय?"

ती हासली अन् पुढं झाली. मुखरूनं कोपऱ्यातला एक तांब्या उचलला, तिच्या हातावर पानी ओतलं. तिनं ओले हात परातीत घातले.

अन् पानी लाल झालं ना गा! बकरा कापल्यावानी लाल. तिच्या बोटाईतून धार निघाली अन् पसरत गेली, पसरत गेली. एक लेकरू रडाले लागलं तं त्याच्या मायनं त्याचं तोंड दाबलं.

बाबा आता गरजला नाई. एकदम हळू बोलला. "हा हात ज्या पोटाले लागन, त्या पोटातलं वाचनार नाई."

लोकेश पुढंच बसला होता. त्याच्या बायकोच्या, रंजीताच्या पोटावर हाच हात मांगच्या आठवड्यात फिरला होता. आठवा महिना चालू होता तिचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंजीताचं डोस्कं फुटाले लागलं. पाय तं असे सुजले होते का चप्पल चढेना. "डोळ्यापुढं काजवे दिसून राह्यले," ती म्हणे. लोकेशची माय सोमारी, तिनं कोनाले न विचारता शेजारचं पोट्टं दवाखान्यात धाडलं. डॉक्टरीनबाई धावतच आली. पन दारात मुखरू, अन् त्याच्यासंग दहा-बारा गडी. नुसते उभे होते, कुऱ्हाडीचे दांडे टेकून.

आता हा मुखरू कोन, तं चंद्रपूरले एका वकिलाच्या ऑफिसात चहा नेऊन दे. तेवढ्यावर गाव त्याले वकीलसाहेब म्हणे.

"घटनेनं धर्माचं स्वातंत्र्य देलं आहे, मॅडम," मुखरू म्हणाला. "आमच्या बाईले कोनाचा हात लागन, ते आमचा धर्म ठरवन. तुमी सरकारी असान, पन हा उंबरठा आमचा आहे."

"दिलं आहे ना स्वातंत्र्य," ती म्हणाली. "त्याच कलमाच्या सुरुवातीले आरोग्य लिहिलं आहे, मुखरूभाऊ. आरोग्याच्या अधीन राहून स्वातंत्र्य. मी धर्म पाहून पेशंटले नाई म्हणू शकत नाही, अन् तुम्ही धर्म पाहून डॉक्टर अडवू शकत नाही. तिचं ब्लडप्रेशर वाढलं असन तं आत्ताच सुई द्यावी लागन, नाई तं झटके येतील. तिले माझा हात नको असन तं मी नाई लावत. पन ते तिनं सांगावं."

"तिच्या नवऱ्याले विचारा," मुखरू म्हणाला.

सगळे दारातल्या लोकेशकडं पाहाले लागले. आतून रंजीताचं कन्हनं आयकू येत होतं. अन् लोकेशच्या डोळ्यापुढं ती लाल परात.

"मी... मी बाबाचं तीर्थ आनतो पयले," तो म्हणाला.

गेला ना तो! रस्त्यानं त्यानं खिसा चाचपला. खर्रा संपला होता, मनून तंबाखूवर चुना टाकून तळहातावर घोटला, तोंडात टाकला, अन् तसाच मांडवात शिरला. बाबा मांगच्या खोलीत घोरत होता. परात भरून ठेवली होती, संध्याकाळच्या खेळासाठी. लोकेशनं ओंजळ बुडवली.

पानी लाल!

लोकेशनं झटकन हात बाहेर काढले. आपले हात? आपन तं याच गावचे, याच मारुतीचे. आपल्याच हातानं आपलं लेकरू जानार? तो तिथीच बसला मटकन. अन् बसल्याबसल्या त्याले नखात पांढरं दिसलं. चुना. त्यानं डबीतला चुना बोटावर घेतला, परातीत टाकला. लालभडक झालं. मंग कोपऱ्यातला तो तांब्या पाह्यला. वर निवळशंख पानी, अन् बुडाशी चुन्याचा साका.

तांब्या अन् बाजूले हळदीचं पानी भरून ठेवलेलं गंज, मनजे छोटं पातेलं, घेऊन तो असा पळाला का विचारू नका!

दारात मुखरू तसाच उभा होता. "मुखरू, हात पुढं कर."

"अबे पागल झाला काय?"

"कर मनतो ना!" त्यानं मुखरूचं मनगट धरलं, तांब्यातलं पानी ओतलं, हात गंजात दाबला. लाल! बाबाचा खास चेला, अन् लालच लाल!

सोमारी पुढं आली. तिनं गंजात वाकून पाह्यलं अन् कपाळावर हात मारला. "अवं माय! हे तं कुंकू झालं. हळदीत चुना. लचकलं-मुरगळलं तं आपन हाच लेप लावतो ना वं! घराघरात माहीत आहे, अन् तिथी मांडवात आपल्याले दिसलं नाई?"

"देवाच्या नावानं दाखवलं ना, मावशी," डॉक्टरीनबाई म्हणाली. "मनून कोनी पाह्यलंच नाई. सरका आता."

गडी सरकले. मुखरू कवा सटकला, कोनाले समजलं नाई.

ती आत गेली. खाली बसली अन् विचारलं, "रंजीता, हात लावू काय?"

रंजीतानं डोळे उघडले. "कवाची हाक मारून राह्यली मी तुमाले," ती म्हणाली. "कोनी आयकते काय इथी?"

सुई देली, दवाखान्याची गाडी आली. पन उशीर झाला होता, बापा. सावली गाव लागाच्या आधीच रंजीताले झटका आला. डॉक्टरीनबाईनं तिले कुशीवर धरून ठेवलं गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत. रंजीता वाचली. लेकरू पोटातच गेलं.

अन् गावात दोन-चार जन म्हणाले बी, पाहा, बाबाचं खरं झालं! इथी मात्र लोकेश पेटला. त्यानंच पोलिसात रिपोर्ट देली, जादूटोणाविरोधी कायद्याखाली. बाबा आत गेला, जामिनावर बाहेर आला. आता वैनगंगेच्या पल्याड कुठीतरी मांडव टाकला मनतात. पानी तुमच्या गावात बी लाल होऊ शकते, गड्याहो. झालं तं हात जोडाच्या आधी त्या पान्यात काय टाकलं ते विचारा. अन् बिमार मानूस असन तं पयले दवाखाना गाठा.

ग्रामसभेत एकानं लोकेशले टोकलंच. "ते सगळं ठीक आहे गा. पन धर्माचं स्वातंत्र्य मनून काई असते का नाई?"

लोकेश उभा राह्यला.

"असते ना भाऊ," तो म्हणाला. "रंजीताचं होतं. म्या दारात उभा राहून ते मुखरूले देऊन टाकलं."