खाडीच्या मधोमध

साहेब, ‘खाडीवर सेवा अखंड’ असं टॉवर चालवणाऱ्या तुमच्या खात्याने लिहिलं. खोटं लिहिलंत. त्या खोट्यापायी जहुराचा नवरा पुन्हा कुवेतला निघाला होता.

आजारपणात जहुराचे कान गेले. समोरच्याचं बोलणं तिला फोनवर अक्षरांत दिसतं. जुन्या फोनात तेवढं बळ नाही, म्हणून ते काम टॉवरखालचा संगणक करतो. बोट निघून अलीकडच्या काठावरचा आगरदांड्याचा टॉवर मागे पडला की काम पलीकडच्या दिघीच्या टॉवरकडे जायला हवं. तिच्या नवऱ्याने, रशीदने, नेमकं फेरीबोटीत, खाडीच्या मधोमध विचारलं, "जहुरा, मी परत जाऊ का गो?"

अक्षरं थांबली होती. अशा वेळी ती नेहमी करते तेच तिने केलं. हसून मान हलवली.

घरी येऊन रशीद बॅग भरू लागला. त्याने जायचं ठरवलंच असं समजून तीही त्यात सोड्यांची, सुक्या कोळंबीची, पुडी कोंबू लागली.

"अब्बा, तुम्ही तर राहणार होता!" नबील म्हणाला. टॉवरांच्या संगणकांवर काम करणारा त्यांचा मुलगा.

"तुझ्या अम्मीनंच मान हलवली."

"कुठं?"

"बोटीत. मधोमध."

नबीलने कपाळावर हात मारला. "तिथं तिला काय दिसतच न्हाय, अब्बा!"

कारण त्याला ठाऊक होतं. इकडच्या संगणकातला अख्खा आभासी संगणक, म्हणजे प्रोग्राम आणि त्याचा सगळा पसारा, तुमचे लोक बोट निघाल्यावर तिकडे पाठवत होते. तो पोचेपर्यंत बोट धक्क्याला लागायची. अम्मी दिघीला लेकीकडे राहायला जाते तेव्हा भांडीकुंडी नेते का? तिथं सगळं असतं. चष्मा, गोळ्या घेतल्या की निघाली. नबीलने तेच केलं. प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे लागेल तेवढ्याच गाठोड्यात, बांधून दिघीला आधीच ठेवला. बोटीबरोबर न्यायचं ते फक्त चालू बोलणं. तुम्ही परवानगी दिलीत, एका दिवसाच्या चाचणीची.

तोवर रशीदने बॅग भरलेलीच ठेवली होती; आता विचारीन तर तिथंच, म्हणाला. त्या दिवशी दोघं पुन्हा बोटीत बसली. मधोमध रशीदने घसा खाकरला. "जाऊ का?"

अक्षरं उमटली. जहुराने दोनदा वाचली.

"मी कधी म्हटलं जा?" ती एवढ्यानं ओरडली की ड्रायव्हरांनी बोटीवरच्या गाड्यांतून माना बाहेर काढल्या. "घरी चला, आधी ते सोडे बाहेर काढा!"

सगळी बोट हसली. रशीद सर्वांत उशिरा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चाचणी गुंडाळून जुनीच पद्धत लावलीत. आता मधोमध अक्षरं थांबली की जहुरा मान हलवत नाही. रशीदचा हात धरून धक्का येईपर्यंत थांबते. त्याला घाई नाही, तो इथंच आहे. पण बोटीत असं अक्षरांवर विसंबलेलं कोणीतरी रोज असतं, साहेब. चालत होतं ते बंद का केलंत? उत्तर द्या.