बोंबील ढवळायचे नसतात

"टीं टीं टीं!"

"बघ, परत वरडली तुझी ती!" सासूबाई फडक्याने टोप उचलून उभ्या होत्या आणि खाली इंडक्शनची शेगडी ओरडत होती.

"आई, टोप खाली ठेवा. ती आपोआप चालू होते."

"न्हाय होत. बंद पडली मेली!" टोप आदळून त्यांनी पुन्हा बटण दाबलंच. शेगडी गेली पूर्ण जोरावर आणि बोंबलाचं कालवण लागलं तळाला.

कप्पाळ माझं! ओले बोंबील ढवळायचे नसतात, हे आमच्या आगरदांड्यात शेंबड्या पोरालाही कळतं. पळी लावली की लगदा. टोप उचलून नुसता गोल फिरवायचा. सासूबाईंनी जन्मभर चुलीवर तेच केलं. पण या शेगडीवरून भांडं उचललं की ती ओरडते, तापायची थांबते. परत ठेवून जरा दम धरायचा, बस्स. तेवढंच त्यांना जमत नाही. माझा नवरा केतन जळकं कालवण निमूट खाऊन होडीवर जातो, बोलणी मी खाते.

शेगडी काय हौसेने आणली? माणगावच्या डॉक्टरांनी सासूबाईंची छाती तपासून बजावलं होतं, धूर बंद, नाहीतर बाई हाताला लागणार नाहीत. गॅसला त्या घाबरतात. कालवणाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला खपत नाही. मग मी तरी काय करू? सपाट बुडाचे टोप आणले, कुठला टोप चालतो ते फ्रिजवरचं लोहचुंबक चिकटवून दाखवलं, उकळी आली की आकडा खाली आणा म्हणून घसा कोरडा केला. सगळ्याला "व्हय, व्हय."

"र्‍हाऊ दे तुझी शेगडी तुला," म्हणून त्या परसात गेल्या. मी करपलेला टोप घासत बसले, तर खिडकीतून धूर.

धावले. चुलीपुढे सासूबाई फुंकणी घेऊन बसलेल्या. फुंकायला श्वासच पुरत नव्हता. ओठ काळेनिळे.

"मरायचंय का तुम्हाला?" मी ओरडले. मला रडू फुटलं. चुलीवर पाणी ओतलं आणि त्यांना धरून आत आणलं.

बराच वेळ त्या स्टुलावर धापा टाकत होत्या. मग म्हणाल्या, "उरलेलं बोंबील हायत ना? चढव."

मी चढवले. उकळी आली तशी आकडा खाली आणला. त्या उठल्या, टोपाला हात घातला. टोप जागचा हलला नाही.

"सुचे," त्या म्हणाल्या, "तू फिरव."

या घरात आल्यापासून हे मी पहिल्यांदा ऐकलं. टोप उचलला, गोल फिरवला. शेगडीने लगेच बोंब ठोकली. मी घाबरून टोप ठेवला आणि बटणाकडे हात नेला. सासूबाईंनी तो धरला.

"जरा थांब," त्या मला म्हणाल्या. मग शेगडीकडे बघून दटावलं, "गप गं. शिकतेय ती."