मला रशियन येतं

पुण्यात कॉलेजला असताना मी रशियनचा सहा महिन्यांचा कोर्स लावला होता. त्यातले चार महिने मी वर्गाबाहेर चहा पीत उभा होतो. पण अबू धाबीच्या मराठी मंडळात परीक्षा कोण घेणार? त्यामुळे "मला रशियन येतं" हे मी पंधरा वर्षं बिनधास्त सांगत आलो.

आता ईश्वरीचं. माझी मुलगी, नववीत, शाळेच्या टीमची गोलकीपर. मागच्या मॅचमध्ये तिने सात गोल खाल्ले आणि घरी येऊन जाहीर केलं, "आय अ‍ॅम डन." माझा जीव तुटला हो. खेळताना ती किती खुश असायची! मग मी डोकं लढवलं. मंडळाच्या रविवारच्या सिनेमासाठी जुना सोव्हिएत विनोदी सिनेमा सुचवला. गाणी, फुटबॉल आणि नायक गोलकीपर.

रीम आयलंडवरच्या आमच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये दुपारी चाळीस माणसं जमली. सिनेमा सुरू झाला आणि कळलं, सबटायटल्स नाहीत.

"सुजीतदादा, तुम्ही आहात ना!" म्हणत सेक्रेटरी तनयाने माइक पुढे केला. नाही म्हणायचं सोडून मी तो घेतला.

पडद्यावर गोलकीपर कोचशी तावातावाने बोलत होता. मी ठोकून दिलं, "तो म्हणतोय, गोल खाल्ले म्हणून काय झालं? उद्या पुन्हा उभा राहणार!" टाळ्या पडल्या. ईश्वरीने फोन खाली ठेवला. मग मी सुटलोच. नायिका गायला लागली, तर तिच्या तोंडी जिद्द, मेहनत, अभ्यास, सगळं घातलं.

मागून कुणीतरी खो-खो हसलं. आमच्या शेजारच्या हलिमाबाई, मूळच्या कझाकस्तानच्या, म्हणजे रशियन पक्कं. तनयानेच त्यांना बोलावलं होतं. त्यांनी इंग्रजीत अगदी नम्रपणे सांगितलं, "तो कोचला विचारत होता, माझी पँट कुठे आहे? आणि ही कोबीच्या सूपवर गातेय."

अख्खा हॉल हसून लोळला. माझे कान तापले. वाटलं, माइक ठेवावा आणि तडक लिफ्ट गाठावी. पण ईश्वरी माझ्याकडेच बघत होती. मी पळालो असतो, तर तिला कुठल्या तोंडाने खेळ सोडू नकोस म्हणणार होतो?

"मला रशियन येत नाही," मी माइकवर म्हणालो. "हलिमाजी, तुम्ही सांगा, मी मराठीत बोलतो. यल्ला, चला!"

पुढचा सव्वा तास मी तिथेच उभा होतो. प्रत्येक गाण्याला कुणीतरी ओरडायचं, "सुजीतराव, यात अभ्यास आहे का?"

लिफ्टमध्ये ईश्वरी म्हणाली, "बाबा, यू वेअर रिअली बॅड."

"माहितीये गं."

"यू कुड हॅव जस्ट लेफ्ट."

"जाणारच होतो."

ती घरात शिरली, बेडखालून ग्लोव्हज ओढून काढले आणि आईवर ओरडली, "मम्मा, हे वॉश का नाही केले? टुमॉरो प्रॅक्टिस आहे!"

माझी बायको मृणालिनी काही बोलायच्या आत मी ते हिसकावून घेतले. भयंकर वास येत होता. मला इतका आनंद झाला होता की दोनदा धुतले.