अनुजचं पान

"नळ तरी बंद कर म्हनावं. ओकायचं तर खुशाल ओक, पानी कशाला घालवायचं? शेजारनींना ऐकू गेलं तर जाऊ दे. घराला शोभा हाय ती."

येसूबाई मोरीच्या पत्र्याच्या दाराबाहेर पाटावर बसून कुरकुरत होती. आत तिची सून आनंदी बादलीची कड धरून उकिडवी बसली होती. नळ तिने आवाज लपवायलाच सोडला होता. पोटात काही नव्हतं, म्हणून बाहेरही काही पडत नव्हतं. नुसतं पिवळं कडू पाणी, आणि डोळ्यांना धार. सुनेच्या ओकारीला शोभा म्हणणारी सासू किती जणींना मिळते, असं तिच्या मनात आलं. हसू ओठांवर यायच्या आधीच पुन्हा उमळून आलं.

तोंड धुऊन बाहेर आली तर नवरा उभा. हातात लिंबाची फोड, वर मीठ.

"चोख जरा. बस इथं, अनुजच्या आये," नवशा म्हणाला.

अनुजची आय. मागच्या दोन वर्षांत त्याने तिला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती.

अनुज त्यांचा धाकटा. दर्याचं भय नको म्हणून त्याला बोटीवर न घेता बोईसरला कंपनीत चिकटवला. दर्याने काही केलं नाही. रात्रपाळी करून घरी येताना तो मोटरसायकलवरून पडला, तो रस्त्यावरच गेला. त्यानंतर नवशा ओरडला नाही, रडला नाही, पिऊनही आला नाही. बोलणंच थांबवलं त्याने. बोटीवरून यायचा, जेवायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. कालवणात मीठ विसरलं तरी तसंच गिळायचा. आनंदी एकदोनदा मुद्दाम विसरली होती.

मग तिची पाळी चुकली. एक महिना, दोन, चार. आणि सकाळच्या ओकाऱ्या सुरू झाल्या. वय अठ्ठेचाळीस.

दुसऱ्या घरात कुणी तरी म्हणालं असतं, बाय, आता जायचंच वय तुझं. ह्या घरात ते कुणाला सुचलं नाही, कारण ह्या घरात असं एकदा घडून गेलं होतं. येसूबाईचा पहिला मुलगा तापाने गेला. नंतर कितीक वर्षं काही नाही, आणि पस्तिशी उलटल्यावर, देवीला नवस बोलून, तिला हा नवशा झाला. गेला तोच परत आला, असं ती सगळ्यांना सांगत राहिली. नवशाला थोरल्याची टोपडी घातली, थोरल्याला आवडायचं ते भरवलं. ह्याला स्वतःला काय आवडतं ते कुणी विचारलं नाही. पन्नास वर्षं तो दुसऱ्याच्या परत येण्याचा पुरावा म्हणून जगला होता. त्याने विश्वास ठेवायचा नाही तर कुणी?

खरं काय ते आनंदीला माहीत होतं. थोरली लेक हेमांगी माकुणसारला दिलेली. ती येऊन आईला बोईसरला बायकांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पोटावर थंडगार काहीतरी चोपडलं, पडद्यावर बघितलं आणि म्हणाल्या, "गर्भ वगैरे काही नाही. पाळी जायची वेळ आलीय. धडधड, मळमळ, घाम, सकाळची भीती, होतं काहींना असं."

"किती दिवस चालतं?"

"सांगता येत नाही."

सकाळी उठायच्या आधी पडल्या पडल्याच दोन कोरडी बिस्किटं खा, चहा कमी करा, श्वास हळू हळू सोडा, रोज थोडं चाला, ह्या गोळ्या घेऊन महिन्याने दाखवा. आनंदीने सगळं केलं. उशाखाली ठेवलेली बिस्किटं तिच्यापेक्षा मुंग्यांनाच जास्त मानवली. आणि कोळणीला चालायला सांगणारी डॉक्टर बघून टोपलीसुद्धा हसली असती.

ओकारीचं तिला एवढं काही नव्हतं. जन्म मासळीत गेला आणि आता पापलेटाच्या वासाने पोट ढवळतं, ह्याची लाज वाटायची, तरी पदराच्या टोकाला ओव्याची पुरचुंडी बांधून ती धंदा रेटत होती. ओकारीच्या आधी जे यायचं, ते सोसत नव्हतं. उजाडायच्या आधीच डोळे उघडायचे. छातीत बोटीचं इंजिन सुरू झाल्यासारखी धडधड. अंग आधी तापायचं, मग गार घामाने भिजायचं. कुणीतरी हाक मारली आणि आपण वेळेत गेलो नाही, असं काहीतरी. कोण, कुठे, काही नाही. पोराचं दुःख तिच्या ओळखीचं होतं, त्याला तोंड होतं. ह्या भीतीला तोंडच नव्हतं. आणखी काय व्हायचं राहिलंय, असं ती अंधारात स्वतःला विचारायची. उत्तराऐवजी मळमळ यायची. पुन्हा एक दिवस उगवला, एवढंच तिला कळायचं, आणि तो उगवू नये असं वाटायचं. एकदा दोनदा नाही, रोज वाटायचं.

पण मोरीतून बाहेर आलं की पायरीवर नवशा बसलेला असायचा. तो तिच्या पाठीवर हात ठेवायचा, दोरखंड ओढून ओढून लाकूड झालेला हात. काही बोलायचा. आज वारा पडलाय. काल जाळ्यात दगडच जास्त आले. टोपली तो स्वतः रिक्षापर्यंत नेऊ लागला होता. डॉक्टरणीच्या गोळीने जे होत नव्हतं ते त्या हाताने होत होतं. इंजिन हळूहळू बंद पडायचं. पोर नाही म्हटलं की हा हात जाणार, हे तिला कुणी मशीन लावून सांगायला नको होतं.

"आई, सांगितलंस का बाबांना?" हेमांगी फोनवर विचारायची.

"सांगते गो."

"कधी? नववा महिना लागल्यावर?"

"सांगते म्हटलं ना."

कालच बोईसरच्या बाजारात शेजारच्या जागेवर बसणाऱ्या चिमीने छेडलं होतं. "मला सगली विचारतात, तुज्या आनंदीला कितवा? मी म्हनते, माज्या पापलेटांना विचारा, त्यांनी बघितलं आसंल." दोघी हसल्या. मग चिमी थांबली. तीही आनंदीच्याच वयाची. बर्फाच्या पेटीला टेकून बसली तरी तिच्या गळ्याखाली घाम डबडबायचा, आणि पेटीच्या झाकणाने ती वारा घेत राहायची. तिने आनंदीच्या तोंडाकडे नीट बघितलं. काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात कंपनीतला कुणी "मौसी, बोंबील कैसे दिये?" म्हणत आला, आणि चिमी नको तितक्या उत्साहाने त्याच्याशी घासाघीस करायला लागली.

बाजारातून निघताना आनंदीने भोपळा घेतला, केळीची पानं घेतली. पितरांचा पंधरवडा चालू होता आणि आज अनुजची तिथी. आत्ता लिंबाची फोड चोखून झाल्यावर ती त्याचंच बोलली.

"वड्यांचं पीठ रात्रीच भिजवलंय. हेमांगी येताना स्टेशनाबाहेरून वडापाव आणंल."

वडापाव अनुजसाठी. गेल्या वर्षी कौलावर पान ठेवलं तेव्हा खिरीकडे, भोपळ्याकडे कावळा फिरकला नाही. कोपऱ्यातल्या वडापाववर मात्र एकाने झडप घातली. तेव्हा सगळे रडता रडता हसले होते. नवशा सोडून.

आनंदीने पानं पुसायला घेतली. एक सासऱ्यांचं, एक आजेसासऱ्यांचं, एक अनुजचं.

"दोनच काढ," नवशा म्हणाला.

"तीन लागतील."

"अनुजचं नको यंदा." त्याने आवाज खाली केला, जसं काही आत कुणी निजलंय. "जो येतोय त्याचं पान कसं काढायचं? पान वाढलं की वाटंतनंच परत जाईल त्यो."

"बराबर बोलतोय," पाटावरून येसूबाई म्हणाली. "ह्याच्या थोरल्याचं पान आमी कदी काढलंच नाय. काढायचं कुनाचं? त्यो तर ह्यो काय, समोर बसलाय."

आनंदीच्या हातातलं फडकं थांबलं.

"कधीच नाय काढलं, आय?"

"नाय."

"पन्नास वर्षांत?"

"सांगितलं ना तुला."

"मग तो जेवला कुठं?"

येसूबाई पाटाची कड नखाने खरवडत राहिली. म्हातारीचे डोळे एकदम कुठेतरी दूर गेले. आपण दार उघडं टाकून आलो की काय, असं आठवायचा प्रयत्न करणाऱ्या माणसासारखे.

"गप गो," नवशा म्हणाला. "चांगल्या दिवशी काय विचारतेस."

बोलता बोलता त्याचा हात आनंदीच्या पाठीवर आला होता. उबदार होता. एवढा एक दिवस गप्प राहिलं तर उद्याही तो असणार होता, परवाही. अजून महिना, दोन महिने, पोट दिसत नाही म्हणून कुणी बोट दाखवेपर्यंत. ती जगली असती तेवढ्यावर. भिंतीकडची ती पाठ पुन्हा बघण्यापेक्षा तिने दहा वेळा ओकायचं पत्करलं असतं.

पण अनुज रात्रपाळीवरून यायचा तो बूट काढायच्या आधी विचारायचा, "आये, काय हाय?" उंबऱ्यावरूनच. हातात डबा असायचा, आणि डबा कधीच पुरायचा नाही त्याला. त्या सकाळीही तिने दोन भाकऱ्या आणि रात्रीचं कालवण झाकून ठेवलं होतं. माणसं निरोप घेऊन आली, घर भरलं, दिवस मावळला. ते ताट कुणी उचललं, कुठे टाकलं, तिला आजही ठाऊक नव्हतं.

आत पुन्हा धडधड सुरू झाली. घसा कडू झाला. ह्या खेपेला ती मोरीकडे धावली नाही. तिसरं पान तिने पुसलं, दुसऱ्या दोन पानांशेजारी ठेवलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

"अवो, पोटात कोन नाय," ती म्हणाली. "माजी पाळी गेली. बोईसरच्या डाक्टरनीनं मशीनीत बघून सांगितलं, मी तुमाला सांगितलं नाय. अनुज मेला. कोन परत येत नाय. उपाशी गेलाय त्यो, त्याचं पान वाढा."