लग्नाला कारभाऱ्याची परवानगी

ज्याच्या होकारावाचून आपलं काम अडतं त्याच्या दाराबाहेर ताटकळणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगायला नको. मोंतेर्सोलीच्या जहागिरीत असं दार एकच होतं. मालक मार्केझे फ्लोरेन्सला राहत. शेतं अर्धेलीने कसणाऱ्या कुळांना ते दिसत फक्त शिकारीच्या दिवसांत, तेही घोड्यावरून जाताना. बाकी सारं कारभाऱ्याच्या हाती. कुठे काय पेरायचं, कुणाचे बैल बदलायचे, नोव्हेंबरात संत मार्टिनच्या दिवशी, म्हणजे कुळांचं वर्ष संपलं की, कोणत्या कुळाला घर सोडायला लावायचं. आणि कुळाच्या घरात लग्न कधी व्हायचं, तेसुद्धा! सून आली की खाणारं तोंड वाढतं, लेक गेली की राबणारे हात कमी होतात; म्हणून लग्नाआधी कारभाऱ्याला विचारायचं, असं करारातच कलम होतं.

कार्निव्हलच्या आठवड्यातल्या एका सकाळी नवा कारभारी ओर्तेन्सिओ खिडकीशी उभा होता. खाली अंगणात म्हातारा नुन्झियातो उभा होता. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात भेटीसाठी आणलेले, पाय बांधलेले दोन खच्ची कोंबडे. त्याच्या मागून आलेली माणसं आत जाऊन कामं उरकून गेली. त्याला कुणी बोलावलं नाही. थंडीत म्हाताऱ्याचं नाक गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. ओर्तेन्सिओ ते मन लावून बघत होता.

याच दिवसासाठी तो दूरच्या मारेम्मा भागातली चांगली नोकरी सोडून इथे आला होता.

तो नऊ वर्षांचा असताना त्याचा बाप याच जहागिरीत टेकाडावरचं शेत कसत होता. एका वर्षी बापाने वाटणीआधी गव्हाचं एक पोतं चेस्टनटच्या पाल्याखाली दडवलं. थोडंफार सगळेच दडवत. पण शेजारच्या नुन्झियातोने जाऊन तेव्हाच्या कारभाऱ्याला सांगितलं. संत मार्टिनच्या दिवशी गाडीवर भांडी, गाद्या आणि तापाने फणफणलेली आई घालून ते बाहेर पडले. आईने पुढचा उन्हाळा पाहिला नाही. टेकाडावरचं शेत, त्यातल्या विहिरीसकट, नुन्झियातोच्या घराला मिळालं.

नुन्झियातोने नव्या कारभाऱ्याला ओळखलं नव्हतं. ओर्तेन्सिओच्या घराला गावात सगळे ‘लंगड्याचे’ म्हणत. आडनाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

इझोलिना सुपाची वाटी घेऊन आली. आजवरच्या सगळ्या कारभाऱ्यांचा स्वयंपाक तिनेच केला होता आणि कुणालाही बोलायला ती घाबरत नसे.

“त्या म्हाताऱ्याला आत घे की. पाय लटपटताहेत त्याचे.”

“लटपटू देत.”

“लंगड्याच्या पोरा,” ती म्हणाली, “तू आलास त्या दिवशीच ओळखलं मी तुला. बापासारखाच एक खांदा उडवत चालतोस.”

ओर्तेन्सिओ वळला. “मग मावशी, मी काय करणार तेही तुला कळलं असेल.”

“कळलंय, म्हणून तर बोलते. सूड घ्यायचाय ना? रविवारी चर्चपुढच्या चौकात सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत दे. मी म्हणेन, बरं झालं! पण या खुर्चीत बसून नको. चौकात तो निदान हात तरी उचलू शकेल. इथे त्याच्या हातात टोपी आहे.”

“याच खुर्चीतून आम्हाला हाकललं होतं!”

“खुर्चीतून ना? मग सगळा राग नुन्झियातोवरच का?”

“तुला नाही कळायचं. पाठव त्याला.”

“सूप निवतंय,” असं म्हणून ती दाराशीच उभी राहिली.

नुन्झियातो आत आला. कोंबडे त्याने जमिनीवर ठेवले आणि खाली मान घालून म्हणाला, “कारभारी, माझ्या दारिओचं लग्न ठरवतोय. मुलगी पलीकडच्या जहागिरीतली आहे, अर्मिदा. कामाला वाघीण. चार वर्षं थांबली बिचारी. आता तिचा बाप म्हणतो, ईस्टरआधीच्या उपवासात लग्नं होत नाहीत, ते लागायच्या आत काय ते सांगा, नाहीतर गिरणीवाल्याचं स्थळ तयार आहे.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर दारिओ घर सोडून जाईन म्हणतो. तो गेला तर शेतात मी एकटा. मग तुम्हीच म्हणाल, हात कमी पडतात, शेत सोडा.”

“म्हणेनच!” ओर्तेन्सिओ खुर्चीत रेलून बसला. “टेकाडावरचं शेत ना तुझं? विहिरीचं? पाणी गोड आहे का रे अजून? माझ्या आईला फार आवडायचं ते.”

म्हाताऱ्याने मान वर केली. आधी त्याला काही कळलं नाही. मग त्याची नजर कारभाऱ्याच्या कपाळावर, भुवयांवर, हनुवटीवर फिरली आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“लंगड्याचा धाकटा...”

“तोच.”

ओर्तेन्सिओने हा क्षण किती वेळा मनात रंगवला होता! म्हातारा गुडघे टेकेल, रडेल, आपण शांतपणे नाही म्हणू. पण आता तेवढ्याने त्याचं भागेना. त्याला याहून जास्त हवं होतं.

“परवानगी हवी ना? देतो,” तो हसून म्हणाला. “आत्ता देतो. फक्त एक नाव सांग. तुझ्या शेजाऱ्यांपैकी कुणी काय दडवलंय, तेवढंच. तुला जमतं ते. नाव सांग आणि सून घरी ने!”

नुन्झियातोने भिंतीचा आधार घेतला. 

“तेव्हाही असंच होतं, कारभारी,” तो शेवटी म्हणाला. “माझी पाल्मिरा सहा वर्षं थांबली होती. दर वर्षी मी इथे यायचो, दर वर्षी नकार. तुमच्या घरात तोंडं फार आहेत म्हणे. मग एक दिवस तेव्हाचे कारभारी हसून म्हणाले, एक नाव सांग आणि बायको घरी ने. मी सांगितलं. लग्न झालं, दारिओ झाला. शेत मी मागितलं नव्हतं, त्यांनी गळ्यात मारलं. तुमच्या आईच्या मातीला मी आलो नाही. कोणत्या तोंडाने येणार?”



“आता नाव सांगणार नाही मी,” नुन्झियातो म्हणाला. “पोरगा शिव्या देईल, देऊ दे. संत मार्टिनला बाहेर काढा, जाईन. तुमच्या बापाची गाडी गेली त्याच रस्त्याने जाईन. पण पुन्हा नाही.”

“शब्दसुद्धा तेच!” दारातून इझोलिना बोलली.  “मी तेव्हा इथेच उभी होते. तो जुना कारभारीसुद्धा असाच रेलून बसला होता, असाच हसला होता. अरे पोरा, तू सूड घ्यायला आलास की त्याची गादी चालवायला?”

ओर्तेन्सिओच्या अंगावर काटा आला! ज्या कारभाऱ्याने त्याच्या घरच्यांना हाकललं त्याचंच वाक्य आता ओर्तेन्सिओच्या तोंडून निघालं होतं. कुणी न शिकवता! तो खुर्चीतून उठला आणि टेबलाला वळसा घालून म्हाताऱ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे हात शिवशिवत होते. क्षणभर इझोलिनालाही वाटलं, आता हा मारतो.

“मी तुम्हाला माफ केलेलं नाही,” तो म्हणाला. आवाज कोरडा होता, पण ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं होतं. “करेन असंही वाटत नाही. रस्त्यात भेटलात तर तोंड फिरवीन. पण दारिओचं लग्न होऊ दे. ते माझ्या हातात असायलाच नको होतं. त्या जुन्या कारभाऱ्याच्या नाही, माझ्या नाही, कुणाच्याच नाही!”

नुन्झियातोला रडू आलं. ओर्तेन्सिओने त्याला थोपटलं नाही. ते त्याच्याने झालं नसतं.

त्या रविवारी चर्चमधली प्रार्थना संपल्यावर कारभारी चर्चच्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, “यापुढे लग्नासाठी माझ्याकडे येऊ नका. मार्केझेंनी जाब विचारला तर मी देईन. नोकरी गेली तर माझी जाईल.” लोक एकमेकांकडे पाहू लागले. सर्वांत मागे उभा असलेला एक कुळप्रमुख, सहा लेकींचा बाप, गोंधळून ओरडला, “अहो, पण मग विचारायचं कुणाला?”

“ज्यांचं लग्न आहे त्यांना विचारा!”

 पोरी हसायला लागल्या.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांना कुठली ना कुठली खुर्ची मिळते. एखादी सही, एखादा शिक्का, कुणाला तरी थांबवून धरण्याची छोटीशी ताकद. तिथे बसल्यावर आपलाही कुणी जुना वैरी टोपी हातात घेऊन दारात येतो. राग खरा असेल, सकारणही असेल. तो आपला आपण, आपल्या नावावर बाळगावा. पण कामासाठी मिळालेला अधिकार त्या रागाला उसना देऊ नये; दिला, की ज्याने आपल्याला छळलं तोच आपल्या तोंडून बोलू लागतो. आणि ज्या अधिकाराने माणसाला शेजाऱ्याचा घात करायला लावलं, तो चांगल्या हातात देऊन भागत नाही. तो मोडावाच लागतो.