खडकाजवळची जागा

बाबाच्या, म्हणजे एव्हर्टनच्या, सर्फबोर्डावर घसरू नये म्हणून लावलेलं मेण ऋजुताने खरवडलं नव्हतं. त्यात त्याच्या छातीचा आणि गुडघ्यांचा ठसा उमटलेला होता. त्यावर पालथी पडून ती पाण्यात शिरली तेव्हा ठसा तिला बरोबर बसला.

तिचा बाबा जमैकात जन्मलेला, ब्रिस्टलच्या बस डेपोत मेकॅनिक. आई श्यामला नागपूरची, नर्स. सव्वीस वर्षं बाबा दर रविवारी डेव्हनच्या या किनाऱ्यावर सर्फिंगला आला. पाण्यात तेवढा एकच काळा माणूस. २००६च्या मार्चमध्ये तो गेला. सर्फर गेला की बाकीचे बोर्डांवर बसून समुद्रात गोल करतात आणि मधोमध राख सोडतात. ऋजुताने सर्फच्या दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी लावली होती. आला एकटा केनेथ, साठीचा.

"चिठ्ठीतल्या नावावरून कोणाला कळलं नसेल," तो ओशाळून म्हणाला.

"मग तुम्ही त्याला काय म्हणायचात?"

"खडकवाला. तिकडे बसायचा ना."

खडकाजवळ लाट धड फुटतही नव्हती. लहानपणी तिने विचारलं होतं, तेव्हा बाबा म्हणाला होता, इथे शांत असतं. राखही तिथेच सोडायची असं ती ठरवून आली होती.

"तिकडे का बसायचा तो?"

केनेथने लाटेची वाट बघणाऱ्या मधल्या घोळक्याकडे बोट दाखवलं. "आधी तिथे, मध्ये यायचा. पाळी त्याची असली तरी आम्ही त्याच्या लाटेवर चढायचो. गंमत म्हणून. मीसुद्धा. मग मध्ये यायचा बंद झाला. आम्हाला वाटलं, त्याला तिकडंच आवडतं."

ऋजुताने बोर्ड मधल्या घोळक्याकडे वळवला. पुढची लाट तिची होती. शेजारच्या तरुणाने तरीही ती पकडायला पाण्यात हात मारायला घेतले. केनेथने त्याला हाक मारून थांबवलं. लाटेने उचललं तशी तिने पोहण्याच्या सूटमधली राखेची पिशवी काढून मोकळी केली. थोडी राख तिच्या ओठांवर बसली, बाकीची फेसात गेली.

किनाऱ्यावर आई टॉवेल घेऊन उभी होती.

"कुठे सोडलीस?"

"मध्ये."

"कोणी काही बोललं नाही ना गं?"

"नाही."

आई तिचे केस पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "झोपेत माफी मागायचा तो. 'बाजूला होतो,' म्हणायचा. कोणाला ते मला कधी कळलं नाही."

ऋजुताने समुद्राकडे वळून पाहिलं. पाण्यातले सगळे पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसले होते. खडकाकडे बघायचा तिला धीर होईना.