जिन्यातलं बटण

"मेन बंद केलास ना?"

"केला, बाबा. तिसऱ्यांदा विचारताय."

"तू तिसऱ्यांदा स्टुलावर चढतेयस, म्हणून तिसऱ्यांदा विचारतोय."

फेजकाका जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसले होते. म्हणजे मुलीनं त्यांना तिथं बसवलं होतं. सकाळपासून ते सहा वेळा उठले होते. अडतीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत वायरिंग केलं. कुठल्याही घरात शिरले की पहिला प्रश्न, "फेज येतेय का?" म्हणून सगळी वस्ती त्यांना फेजकाकाच म्हणायची. दोन वर्षांपूर्वी डोळे गेले. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. हात मात्र होते तसेच राहिले आणि दिवसभर शिवशिवत राहिले.

"वाजले किती?"

"अडीच. मघाशी विचारलंत तेव्हा सव्वादोन होते."

मुलगा पाच वाजता येणार होता. मागच्या महिन्यात आला तेव्हा त्यानं घरभर फिरून तीन गोष्टी दाखवल्या होत्या. न्हाणीघराचा नळ गळतो, जिन्यातली भिंत फुगलीय, आणि जिन्यातला दिवा वरून बंद केला तर खालच्या बटणानं लागत नाही. "बाबा, हे घर आता एकट्या माणसाचं राहिलं नाही. चला माझ्याकडे." तो प्रेमानंच म्हणाला होता, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येईना. तेव्हा मुलगी मध्ये पडली. "दादा, ही तिन्ही कामं मी करून दाखवते. मग तर नाही ना नेणार?"

"कर. तिन्ही नीट असली तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

तिचं शिवणकामाचं दुकान होतं. ते बंद ठेवून ती चार दिवस इथं राहायला आली होती. नळाचं वायसर तिनं दोनदा बदललं, तरी थेंब पडतच राहिला. शेवटी काकांनी नळाच्या पोटात करंगळी घातली आणि म्हणाले, "वायसर बिचारं काय करेल? ते जिथं टेकतं तिथंच खड्डा पडलाय." मग पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून तिनं तो खड्डा घासून सपाट केला, आणि थेंब थांबला. भिंतीला खरवडून, लांबी भरून तिनं रंग दिला. सकाळी पुन्हा फोड. आज ती भिंत तिनं पार गिलाव्यापर्यंत खरवडली होती. राहिला होता दिवा.

"बटण उघडलंस? आता लाल वायर बघ. ती—"

"लाल नाहीच. सगळ्या पिवळ्या आहेत."

"नीट बघ."

"बाबा, मी शिंपीण आहे. मला रंग शिकवू नका. सगळ्या पिवळ्या. एक तेवढी मळकी पिवळी. आणि हे काय? दोन वायरी मध्येच पिळून नुसती चिकटपट्टी गुंडाळलीय! कुणी केलंय हे काम?"

काकांना सगळं आठवत होतं. एका शाळेचं काम आटपल्यावर उरलेले ते तुकडे होते. मुलगा जन्माला यायचा होता, दिवस भरले होते, घरात दिवे नव्हते. दोन रविवारांत त्यांनी सगळं घर उरकलं. तात्पुरतं. पावसाळा झाला की नीट करू, असं बायकोला सांगितलं होतं. मग दर पावसाळ्यानंतर कुणा ना कुणा गिऱ्हाइकाचं काम आधी निघालं.

"होता एक," ते म्हणाले. "घाईत असायचा."

वर स्टुलावर ती खुदकन हसली. "त्याला परत बोलवायचं नाही हं."

"छे. तोंड दाखवणार नाही तो."

पण हसून घड्याळ थांबत नव्हतं. काका पुन्हा उठले, पुन्हा बसले. "ऐक. दोन बटणांच्या मध्ये दोन वाटा आहेत असं समज. खालचं बटण म्हणतं, मी या वाटेनं पाठवतो. वरचं म्हणतं, मी त्या वाटेनं घेतो. दोघांची वाट एक झाली की दिवा लागतो. आपली एक वाट तुटलीय. कुठली ते शोधायचं. सेल आणि छोटा बल्ब घे."

तिनं एकेक वायर तपासली. एकीवर बल्ब लागला, मळकीवर लागला नाही. मळकी ओढली तर ती सहज हातात आली, हातभर लांब.

"बाबा, ओली आहे ही. टोक हिरवं पडलंय."

"आण इकडे."

त्यांनी वायर नाकाशी धरली, मग बोटांत चुरली. वरचं आवरण वाळल्या सालीसारखं तुटून मांडीवर पडलं. न्हाणीघर बरोबर डोक्यावर होतं. तिथल्या फरशीखालून पाणी मुरत होतं, वायरच्या नळीत उतरत होतं आणि भिंतीत साठत होतं.

"म्हणजे दिवा आणि भिंत एकच दुखणं," ती म्हणाली. "आणि मी चार दिवस रंग लावतेय."

"ताप आलेल्या माणसाला पावडर लावत होतीस."

"मग आता काय करायचं?"

खरं उत्तर काकांना पाठ होतं. न्हाणीघराची फरशी उखडायची, भिंत फोडायची, सगळी जुनी वायर काढून टाकायची. त्यांनी ते दिलं नाही. "बाहेरून प्लास्टिकची पोकळ पट्टी मार," ते म्हणाले, "आणि तिच्यातून नवी वायर घे. त्या तुटक्या वाटेऐवजी." आवाज थोडा खाली गेला होता. मुलीच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि तिनं तसं दाखवलं नाही.

सव्वाचारला मेन चालू झाला. दिवा खालून लावला, वरून बंद. वरून लावला, खालून बंद. ती लहान पोरीसारखी जिन्यात वरखाली धावत सुटली. "लागला! बंद! लागला! मोजा, बाबा!" काका प्रत्येक बटणाची टिकटिक ऐकत होते आणि प्रत्येक टिकटिकीला छातीवरचं ओझं थोडं हलकं होत होतं. इथंच राहायचं. सकाळी हा कठडा, दुपारी ती खिडकी, नऊ पावलांवर स्वयंपाकघर. दुसऱ्याच्या घरात पावलं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली असती.

"दिवा राहू दे चालू. दादाला आल्या आल्या दिसू दे," ती खालून म्हणाली. "मी भिंत ओल्या फडक्यानं पुसते आणि रंगाचा एक हात मारून टाकते. तो यायच्या आत वरून तरी सुकेल."

काका आठव्यांदा उठले. कठडा सोडून भिंतीकडे वळले. नवीन ठिकाणी हात लावायचा तो हाताच्या पाठीनं, ही त्यांची जन्माची सवय. तळव्याला धक्का बसला तर मूठ वळते आणि माणूस चिकटून राहतो; पाठीला बसला तर हात झटकला जातो. मुलांना त्यांनी बोलायच्या आधी हे शिकवलं होतं.

खरवडलेल्या गिलाव्याला हाताची पाठ टेकली आणि बोटांच्या पेरांतून मुंग्या चालत गेल्या.

त्यांनी हात काढला. पुन्हा लावला. मुंग्याच. मळकी वायर तर गेली होती. भिंतीत उरली होती तीही त्याच घाईची, त्याच ओल्या नळीतली. इतके दिवस रंगाच्या थरानं झाकलं होतं; आज रंग गेला आणि भिंत बोलली.

कुणाला कळलं नसतं. रंगाचा एक हात बसला की पुन्हा झाकलं जाणार होतं. कदाचित महिनाभर, कदाचित वर्षभर. मुलगा बटण दाबणार, खूश होणार, चहा पिऊन जाणार. आपण कुणाच्या बाजूनं आहोत हेच त्यांना कळेना.

खाली बादलीत फडकं पिळल्याचा आवाज आला. मग तिची पावलं, वर येणारी.

"थांब!"

"काय झालं?"

"भिंतीला हात लावू नकोस. फडकं खाली टाक. आधी जिन्याचा फ्यूज काढ. जा!"

इतक्या मोठ्यानं ते कित्येक वर्षांत ओरडले नव्हते. ती पळत गेली. फ्यूज निघाला. परत आली तेव्हा तिचा श्वास त्यांना जवळ ऐकू आला.

"करंट उतरतोय?"

"हो."

ती त्यांच्याच पायरीवर बसली. "बाबा... दादा येतोय. पुढच्या आठवड्यात नीट करू ना. आज फक्त..."

"हेच म्हणत राहिल्यानं तर झालंय हे," काका म्हणाले.

मुलगा पाचला दहा कमी असतानाच आला. दारातून शिरला आणि पहिलं जिन्यातलंच बटण दाबलं. टिक. पुन्हा टिक.

"अजून लागत नाही?"

"लागत होता, दादा! आत्ता, अर्ध्या तासापूर्वी, तुझी शप्पथ—"

"मी फ्यूज काढायला लावलाय," काका पायऱ्या उतरत म्हणाले. "भिंतीत करंट आहे. वायरिंग सगळं बदलायचं. न्हाणीघराची फरशी उखडायची. हे काम ज्यानं केलं होतं त्याला काम येत होतं, पण केलं नाही."

जिंकल्याचा आवाज मुलानं काढला नाही, याचं काकांना बरं वाटलं.

"मग बाबा, तुम्ही?"

"माझं काय? काम होईपर्यंत घरातल्यांनी दुसरीकडे राहायचं. गिऱ्हाइकांना आजवर हेच सांगत आलो."

"किती दिवस लागतील?"

हा प्रश्न त्यांना शेकडो घरांत विचारला गेला होता आणि त्यांनी प्रत्येक वेळी पटकन आकडा सांगितला होता.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

मुलीनं बॅग भरली. फ्रीजमधलं काढून पिशवीत घातलं. नाक ओढल्याचा आवाज लपवण्यासाठी ती डबे उगाच जोरात आपटत होती. काका जिन्याखालच्या बोर्डापाशी गेले. मुलगा हात धरायला पुढे झाला, तेव्हा त्यांनी मान हलवली. उरलेले दोन चिनी मातीचे फ्यूज त्यांनी स्वतः उपसले. पहिल्यानं बाहेरच्या खोलीतला पंखा मंदावत गेला. शेवटचे दोन फेरे कुरकुरले आणि तो थांबला. दुसऱ्यानं स्वयंपाकघरातला फ्रीज एकदा थरथरला आणि गप्प झाला. वीज जायची तेव्हाही घर असंच गप्प व्हायचं, पण तेव्हा ती परत येणार हे माहीत असायचं.

ते ऐकत राहिले. ऐकायला काही उरलं नाही तोवर.

"द्या इकडे, पडतील," मुलगा म्हणाला.

"नको." मुलीकडून तिसरा मागून घेऊन त्यांनी तिन्ही फ्यूज सदऱ्याच्या खिशात टाकले. "काम संपेपर्यंत फ्यूज वायरमनच्या खिशात राहतात. नाहीतर कुणीतरी येऊन चालू करतं."

खिसा खाली ओढला गेला. त्यावर एक हात ठेवून दुसऱ्या हातानं त्यांनी दाराची चौकट शोधली आणि उंबरठ्यापलीकडे पाऊल टाकलं.